गुंजेचं रोप देण्याआधी ‘घरी लेकरू हाये का?’ विचारणारी नर्सरी

नागपुरात दिघोरी नाक्यावरून उमरेडकडे निघालं की थोडं पुढे, डाव्या हाताला, एका जुन्या चिंचेखाली हिरव्या जाळीचा मांडव दिसतो. त्यावर फलक नाही. रस्त्याच्या कडेला जास्वंद आणि मोगऱ्याच्या पिशव्या मांडलेल्या असतात, म्हणून ती नर्सरी आहे एवढं कळतं. तीन पावसाळ्यांपूर्वी मी तिथे गुंजेचं रोप मागितलं, तेव्हा तिथल्या मावशींनी रोप दाखवण्याआधी मलाच प्रश्न केला, “घरी लाहान लेकरू हाये का जी?”

मी म्हटलं, रोज नाही, पण लेकीची मुलगी दिवाळीत आणि उन्हाळ्यात येते, चार वर्षांची आहे. त्यांनी हातातली झारी खाली ठेवली. “मंग आधी बसा. पूर्ण आयकून घ्या, मंग रोप न्या.” पुढचा अर्धा तास त्या बोलत होत्या आणि गिऱ्हाईक उभं होतं तरी त्यांनी घाई केली नाही. या अर्ध्या तासासाठीच मी हे परीक्षण लिहितेय.

मला गुंज हवी होती त्याची दोन कारणं होती. एक माझा घसा. शाळेत शिकवण्यात तीस वर्षं गेली. दुपारच्या तासाला आवाज बसायचा तेव्हा आमच्या चौकातल्या पानठेल्यावरून गुंजेचा वाळलेला पाला आणून मी चार पानं चघळायचे. तो ठेला बंद झाला आणि पाला मिळेनासा झाला. दुसरं कारण माझे बाबा. त्यांनी इतवारीत उभी हयात सोनारकामात घालवली. त्यांच्या पितळी डबीत अजून सात गुंजा आहेत, त्यांच्या वडिलांच्या काट्यावरच्या. आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा, हा हिशोब मी पाढ्यांच्याही आधी शिकले. आता बाबा चौऱ्याऐंशीचे आहेत. एका संध्याकाळी डबी उघडून ते म्हणाले, “हिची वेल मी लहानपणी रामटेकच्या वाटेवर कुंपणाकुंपणाला पाहिली. आता दिसत नाही.” ते ऐकलं आणि मी ठरवलं की वेल घरी लावायची.

सुरुवात मात्र चुकली. मे महिन्यात मी मोबाइलवरून एका विक्रेत्याकडे ‘लाल गुंज, २५ बिया’ मागवल्या. पाकीट आलं. बिया चकचकीत लाल, देखण्या, पण काळा ठिपका एकीलाही नाही, आणि आकार मसुरीच्या दाण्यासारखा, चपटा, मोठा. बाबांनी एक बी बोटांत फिरवली आणि लगेच सांगितलं, “ही रतनगुंज. हिचं झाड होतं, मोठं. ही एक बी दोन गुंजांच्या भाराची.” खरंच तसं आहे. रतनगुंज हाही शेंगवर्गातलाच वृक्ष, सोनार तिच्याही बिया वापरत, पण ती वेल नव्हे आणि तिचा पाला विड्याच्या पानात घालत नाहीत. विक्रेत्याला तक्रार पाठवली तर ‘लाल गुंज हीच’ असं उत्तर आलं, पैसे परत मिळाले नाहीत. पाकिटावर वनस्पतीचं शास्त्रीय नाव नव्हतं, आणि बी विषारी असल्याची एक ओळही नव्हती. पैशांपेक्षा मला ही दुसरी गोष्ट जास्त लागली. त्या पाकिटात खरी गुंज असती, तर ते कुणाच्याही घरी, कुणाच्याही लेकराच्या हाती, काहीही न सांगता पडलं असतं.

तुम्ही कुठूनही घ्या, पण ओळखून घ्या. खरी गुंज, शास्त्रीय नाव अब्रस प्रिकॅटोरियस, साधारण वाटाण्याहून लहान, लंबगोल, शेंदरी लाल, आणि जिथे ती शेंगेला चिकटलेली असते तिथे गडद काळा डाग. पांढरी गुंजही असते, पण ती कमी दिसते. बी नसेल आणि फक्त रोप समोर असेल तर पानं पाहा. चिंचेच्या पानासारखी बारीक पर्णिका, एका देठावर दहा ते वीस जोड्या, आणि टोकाला एकटी पर्णिका नाही, नुसता केसासारखा काटा. मावशींनी मला हे सगळं सांगितलं नाही. त्यांनी एक पर्णिका तोडली आणि चावायला दिली. “गोड लागली तर तीच.” आधी हिरवट, मग हळूहळू ज्येष्ठमधासारखा गोडवा, जिभेच्या मागच्या बाजूला कितीतरी वेळ रेंगाळणारा. पानठेल्यावरची ती चव ओळखीची होती, मला दुसरा पुरावा लागला नाही. या गोडव्यामागे अब्रुसोसाइड नावाची द्रव्यं आहेत. ती साखरेपेक्षा कित्येक पटींनी गोड असतात, हे मी नंतर वाचलं. (अनोळखी रोपाचं पान मात्र असं चावून पाहू नका. इथे रोप त्यांच्या हातचं होतं आणि त्यांनी स्वतः आधी खाल्लं.)

पहिल्या वेळी मी दोन रोपं घेतली, पन्नास रुपयांना एक. बी त्यांनी दिली नाही. “बी मी अनोळखी माणसाले देत नाई जी. रोप न्या, वाढवा, मंग पाहू.” दुसऱ्या पावसाळ्यात मी वेलीचे फोटो दाखवले तेव्हा त्यांनी कागदाच्या पुडीत दहा बिया दिल्या, मोजून. घरी नेऊन परत मोजायला लावल्या.

बी रुजवणं हे खरं कसबाचं काम, आणि ते त्यांनी मला हाताला धरून शिकवलं. गुंजेचं टरफल इतकं कठीण की तसंच मातीत टाकलं तर पाणी आत शिरत नाही आणि ती महिनोन्‌महिने तशीच पडून राहते. म्हणून काळ्या डागाच्या विरुद्ध बाजूला टरफलाचा जरासा पापुद्रा घासावा लागतो. कोरडं घासायचं नाही, कारण आतल्या गराची भुकटी उडता कामा नये. मावशी पॉलिश पेपर पाण्यात बुडवून, रबरी हातमोजे घालून, नळाखाली घासतात, आणि रंग जाऊन आतलं फिकट दिसताक्षणी थांबतात. मग कोमट पाण्यात रात्रभर भिजवायच्या. सकाळी ज्या फुगल्या त्याच पेरायच्या, न फुगलेल्या पुन्हा जरा घासून भिजवायच्या. ते पाणी झाडांना नाही, मोरीत ओतायचं, भांडं स्वयंपाकात परत आणायचं नाही. माझ्या दहापैकी सात उगवल्या, पहिली अकराव्या दिवशी, शेवटची तिसऱ्या आठवड्यात. अर्धा इंच खोल, वाळू मिसळलेल्या मातीत, पिशवीतच पेरल्या होत्या.

त्या पहिल्या दोन रोपांमधलं एक मी गमावलं. आमचं घर मानेवाड्याकडे, आणि अंगणातली माती अस्सल काळी, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा आणि ऑगस्टमध्ये चिखल. मी एक रोप अंगणातल्या सखल कोपऱ्यात लावलं. सतत आठ दिवस पाऊस झाला, मुळाशी पाणी थांबलं, आणि पानं पिवळी पडून गळाली. उपटलं तेव्हा मूळ काळं, बोटाने दाबलं की सुटणारं. दुसरं मागच्या भिंतीलगत उंचावर, दोन घमेली मुरूम आणि एक घमेलं कुजलेलं शेणखत घालून केलेल्या आळ्यात होतं. ते त्याच पावसात हातभर वाढलं. नागपूरच्या काळ्या मातीत गुंज लावायची असेल तर मुरमाशिवाय नको. कुंडीत लावायची तर निदान सोळा इंच खोल कुंडी घ्या, कारण ही बहुवर्षायू वेल आहे, मूळ खाली खाली जातं आणि बारा इंचात वर्षभरात गुंडाळून बसतं.

ऊन हवं, भरपूर. आधार हवा, तार किंवा जुनं मेंदीचं कुंपण चालतं, वेल स्वतः पीळ घालत चढते. खताची फार हौस करू नका. ही शेंगवर्गातली आहे, मुळांवरच्या गाठींतले जीवाणू हवेतला नायट्रोजन तिला मिळवून देतात. मी पहिल्या वर्षी युरिया घालणार होते, मावशी म्हणाल्या, “काहून? तिची ती कमावते.”

आमच्याकडे तिचं वर्ष असं जातं. मृगाचा पाऊस पडला की पंधरा दिवसांत नवी पालवी. श्रावण-भाद्रपदात फिकट गुलाबी-जांभळी, वाटाण्याच्या फुलासारखी फुलं, दाट घोसांत. पहिल्या वर्षी माझ्या वेलीला फुलं आली नाहीत, दुसऱ्या वर्षी आली. दिवाळीपर्यंत शेंगा हिरव्या, बोटाच्या दोन पेरांएवढ्या. डिसेंबर-जानेवारीत त्या वाळतात, फुटतात, सालं मागे वळतात आणि आत चार-पाच लाल बिया सालीला चिकटूनच राहतात. सकाळच्या कोवळ्या उन्हात ती भिंत पाहावी, दुसरं काही लावावंसं वाटत नाही. संध्याकाळी पर्णिका मिटतात, हेही मला घरी लावल्यावरच कळलं. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा वेल जवळजवळ निष्पर्ण होते. पहिल्या उन्हाळ्यात मी ती मेली समजून रडवेली झाले होते. आठवड्यातून दोनदा पाणी चालू ठेवलं, जूनमध्ये बुडातून फुटली. फेब्रुवारीत शेंगा उतरवल्या की मी ती गुडघ्याएवढी छाटते. न छाटता सोडली तर शेजारच्या डाळिंबावर चढून त्याला झाकून टाकते. अमेरिकेत फ्लोरिडासारख्या ठिकाणी तिला उपद्रवी वेल ठरवलंय, आणि तिचा जोर पाहिल्यावर ते पटतं.

आता विषाबद्दल. मावशींच्या त्या अर्ध्या तासातली वीस मिनिटं याच विषयावर होती, मीही इथे घाई करणार नाही. गुंजेच्या बीत अब्रिन असतं. एरंडाच्या बीतलं रिसिन आणि हे एकाच जातीचं विष. ते शरीराच्या पेशींना प्रथिनं बनवू देत नाही. त्यावर उतारा असं कुठलं औषध नाही, डॉक्टर फक्त शरीराला सावरून धरतात. पिकलेली बी अख्खी गिळली तर कठीण टरफलामुळे ती पुष्कळदा तशीच बाहेर पडते, पण ‘पुष्कळदा’ या शब्दावर कुणी आपलं लेकरू सोपवू नये. चावली, फुटली, भोक पडलेली असली तर धोका मोठा. हिरव्या शेंगेतली कोवळी बी अधिक वाईट, कारण तिचं टरफल मऊ असतं. लक्षणं लगेच दिसत नाहीत, काही तासांनी, कधी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही सुरू होतात. म्हणून मूल हसत-खेळत असलं तरी थांबायचं नाही, शेंग किंवा बी सोबत घेऊन थेट मेडिकल नाही तर मेयो, ही नागपूरची दोन मोठी सरकारी रुग्णालयं, गाठायचं, आणि ‘गुंज खाल्ली’ हे शब्द पहिल्या वाक्यात सांगायचे.

गुंजांच्या माळा, बांगड्या बाजारात दिसतात. त्या घेऊ नका. ओवायला भोक पाडलं की टरफलाचं संरक्षण गेलं, आणि भोक पाडणाऱ्याच्या बोटात सुई रुतली तर त्यालाही धोका. आमच्या घरी तान्ह्या पोळ्याच्या लाकडी नंदीला आजोबांनी लाखेत बसवलेले गुंजेचे डोळे होते. रोप आणलं त्या आठवड्यात मी ते काढून काळे मणी बसवले. बाबांना वाईट वाटलं, पण नातीकडे पाहून ते काही बोलले नाहीत.

मावशींनी मला जो नियम घालून दिला तो मी पाळते. नात दिवाळीला यायच्या आधी हात पोचेल तिथवरच्या सगळ्या हिरव्या शेंगा कापून, कागदात बांधून टाकते. वरच्या शेंगा जानेवारीत शिडी लावून उतरवते, खाली सांडलेल्या बिया झाडून, मोजून बरणीत. बरणी कुलुपाच्या कपाटात. एप्रिलमध्ये नात येते तेव्हा वेलीवर पानांशिवाय काही नसतं. ज्यांच्या घरी रांगतं मूल आहे, किंवा जनावर सुटं असतं, त्यांनी ही वेल लावूच नये. मावशी अशांना रोप देत नाहीत. माझ्यासमोर त्यांनी एका तरुण जोडप्याला परत पाठवलं, बाळ बाईच्या कडेवर होतं. त्यांना गोकर्णीचं रोप दिलं, आणि त्याचे पैसे गुंजेपेक्षा कमी घेतले.

पाला हा माझा रोजचा उपयोग. पाऊस संपल्यावर, आश्विनात, कोवळ्या फांद्या कापून मी सावलीत वाळवते. तीन-चार दिवसांत पर्णिका देठावरून सुटतात. त्या बारकाईने निवडते, शेंगेचा तुकडा चुकूनही राहू नये म्हणून, आणि काचेच्या बरणीत भरते. तासाला जायच्या आधी चिमूटभर पाला खडीसाखरेशिवायच तोंडात. घसा ओला राहतो, खवखव कमी वाटते. याहून मोठा दावा मी करणार नाही. गरोदर बायकांनी पालाही घेऊ नये, आणि मूळ-बी यांच्या औषधांच्या वाटेला वैद्याशिवाय कुणीच जाऊ नये. आयुर्वेदात बी शोधन करून, म्हणजे विष कमी करून, वापरतात, पण ते घरी करायचं काम नव्हे.

नर्सरीच्या उणिवाही सांगते. पिशव्या लहान आहेत, माझ्या दोन्ही रोपांची मुळं तळाशी गोल फिरलेली होती, लावताना सोडवावी लागली. एकाही रोपावर नावाची चिठ्ठी नाही. मावशी नसतील तर त्यांचा मुलगा असतो आणि त्याला जास्वंदीचे सगळे रंग तोंडपाठ, पण गुंजेबद्दल तो फक्त “आई आल्यावर या” म्हणतो. त्याचं म्हणणं बरोबरच आहे, पण माझी उमरेड रोडवरची एक फेरी त्यात फुकट गेली. पांढरी गुंज दोन वर्षं मागतेय, अजून मिळालेली नाही. उन्हाळ्यात गुंजेची रोपं नसतात, जुलैत जा, सकाळी अकराच्या आत. मोबाइलवरून पैसे देता येतात. चिठ्ठी लावा असं मी त्यांना सांगितलं आहे, आणि त्या चिठ्ठीवर नावाच्या खाली ‘बी विषारी’ हे दोन शब्द असावेत असंही. मी स्वतः लिहून द्यायला तयार आहे. त्यांच्या शब्दांवर माझा विश्वास आहे, पण रोप त्यांच्या हातून गेल्यावर दुसऱ्याच्या अंगणात त्यांचा आवाज पोचत नाही.

या जानेवारीत पहिल्यांदा भरपूर बिया मिळाल्या. बाबांनी त्या थाळीत ओतायला सांगितल्या आणि शहाण्णव मोजायला लावल्या, एका तोळ्याच्या. मी त्या डिजिटल काट्यावर ठेवल्या. १०.४ ग्रॅम. बाबांचा तोळा ११.६६ ग्रॅमचा, आणि सराफ्यात हल्ली सरळ १० ग्रॅमलाच तोळा म्हणतात. मला वाटलं आपली वेलच हलकी पडली. बाबांनी मान हलवली आणि डबीतल्या सातांपैकी एक तळहातावर घेतली. “सगळ्या सारख्या कुठे भरतात? आम्ही पसाभर आणायचो तेव्हा त्यातून काट्यावर चढवण्याजोग्या मूठभर निघायच्या. बाकीच्या परत वेलीखाली.” मग त्यांनी चष्मा पुसला आणि थाळी जवळ ओढली. एकेक गुंज जुनीशी ताडून पाहत ते दुपारभर बसले होते. संध्याकाळपर्यंत एकोणीस निवडल्या.

त्या एकोणीस डबीत गेल्या, डबी कपाटात, कपाटाला कुलूप. उरलेल्यांतल्या तीस मी मावशींना नेऊन दिल्या, पुडीत बांधून. त्यांनी त्या माझ्यासमोर दोनदा मोजल्या.